दहाच्या आधीचा फोन

“काय म्हणतायत?” भाऊजींनी कानटोपी कानांवरून वर सरकवली.

जुईनं पाकिटातला कागद वाचला, पुन्हा घडी घातली आणि टेबलावर ठेवला. “खूप गोड बोललेत, काका. आपण अर्ज केला म्हणून मनापासून आभार मानलेत. सगळ्या बाजूंनी नीट विचार केला म्हणतात. पण या वेळी आपली इच्छा पुरी करता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतंय.”

“म्हणजे नाही.”

“म्हणजे नाही.”

“मग तेवढंच लिहायचं की! एवढा चांगला कागद कशाला नासवला?”

मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. पीठ भाऊजींनीच वाईहून आणलेलं. जपानात, हामामात्सुच्या दुकानांत ज्वारीचं पीठ मिळत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचे कपडे कमी केले आणि पिठाच्या पिशव्या भरल्या. माणूस मनानं चांगला. ह्यांचा धाकटा भाऊ. पण ते पीठ देऊन परत जायला आले नव्हते, आम्हाला न्यायला आले होते. सासूबाईंना तसा शब्द देऊनच विमानात बसले होते. पीठ काढल्यावर रिकाम्या झालेल्या दोन मोठ्या बॅगा आमच्या सामानासाठी ठेवल्या होत्या. त्या दाराशी उभ्या होत्या, आणि येताजाता माझा पदर त्यांना लागायचा.

“कारण दिलंय का काही?” मी विचारलं.

“कारण सांगत नाहीत,” जुई म्हणाली. “तसा नियमच आहे, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलंय.”

“कारण मी सांगतो,” भाऊजी म्हणाले. “परक्या मुलखातली बाई, नवरा नाही, सोयाबीन दळायच्या दुकानात कामाला. कोण देईल क्रेडिट कार्ड? आमच्या वाईच्या बँकेनंसुद्धा दिलं नसतं. वहिनी, आता तरी पुरे करा.”

हे गेल्या आषाढात गेले. सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेले, आणि दुपारी मला त्यांच्या साहेबांचा फोन आला. राहतं घर कंपनीचं. कंपनी चांगली, मार्चअखेरपर्यंत राहा म्हणाली. पण मार्च म्हणजे मार्च. जुई तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, पुढच्या शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. ती मराठी बोलायची छान, पण लिहायला बसली की काना-मात्रेशी अडायची. तिला त्या वयात उचलून वाईच्या शाळेत बसवायचं म्हणजे रुजलेलं रोप मुळासकट काढायचं. तिथे कायमचं राहायचा परवाना ह्यांच्या हयातीतच आम्हा तिघांना मिळाला होता. नव्हतं ते घर.

घर मी शोधलं होतं. शाळेपासून चालत जाण्यासारखं, दोन खोल्यांचं, पूर्वेला खिडकी. मालकीणबाई म्हाताऱ्या, त्यांना परदेशी माणसाचं वावडं नव्हतं. पण तिथे भाडेकरूची हमी घ्यायला वेगळी कंपनी असते, तिचा होकार लागतो. घरांचा व्यवहार बघणारे सुगियामा-सान (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई) मला म्हणाले होते, “बाई, नोकरी आहे, फोन तुमच्या नावावर झालाय, परवाना आहे. आता तुमच्या स्वतःच्या नावाचं इथलं एक क्रेडिट कार्ड आणा. ही हमी कंपनी भाडं कार्डावरूनच घेते. कार्ड आणलंत तर किल्ली तुमची. फेब्रुवारी संपेपर्यंत मी घर दुसऱ्याला दाखवत नाही.”

तोवर मी कार्ड वापरत नव्हते असं नाही. होतं माझ्याकडे एक. ह्यांच्या खात्यावर, घरच्या माणसांसाठी देतात ते. हे गेल्यावर एक दिवस भाजीच्या दुकानात ते चालेना. गल्ल्यावरच्या मुलीनं दोन्ही हातांनी, वाकून, ते मला परत दिलं. जणू तिचंच काही चुकलं होतं. मी पालकाची जुडी परत जागेवर ठेवून आले.

“अजून एकदा अर्ज करते,” मी भाकरी तव्यावर टाकत म्हणाले.

“आणि परत नाही म्हणाले तर?”

“तर येते तुमच्याबरोबर.”

जुईनं एकदम माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. “देवाला स्मरून म्हणताय?”

“पुढ्यात अन्न आहे, भाऊजी. खोटं कशाला बोलू?”

जुई उठून आतल्या खोलीत गेली. तिच्या वाटणीची भाकरी त्या दिवशी तशीच राहिली.

*

मी ओकुदा-सान यांच्या टोफूच्या दुकानात कामाला होते. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा हवं तर. रात्रभर भिजलेलं सोयाबीन पहाटे दळायचं, मोठ्या कढईत उकळायचं, फडक्यातून पिळून दूध वेगळं काढायचं, ते समुद्राच्या मिठाच्या पाण्यानं साकळायचं, आणि मग थंड पाण्याच्या हौदात हात घालून वड्या कापायच्या. सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं स्वच्छ काम. मांसमच्छीचा वास नाही, म्हणूनच ते मी धरलं होतं.

माझा एक नेम आहे. पहाटे आंघोळ झाली की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. जप मनात चालू असतो. लग्नाआधीपासूनचा नेम, ह्यांनी कधी मोडायला सांगितला नाही. फक्त चेष्टा करायचे, “आमच्याकडे सकाळी शांतता मोफत मिळते.” दुकानात दहा वाजता चहाची सुट्टी व्हायची. तेव्हा मी पूर्वेच्या खिडकीशी उभी राहून पदराखालच्या डबीतल्या खडीसाखरेचा नैवेद्य दाखवायची, खडा तोंडात टाकायची आणि मगच बोलायची.

पहिल्या दिवशी हे मी ओकुदा-सानना समजावून सांगितलं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठीत वाकलेली, पण हौदातला टोफू तळहातावर तोलून सांगायची की आज पाणी कमी पडलं. त्यांनी मान डोलावली होती. “माझी आजीही देवळात जायच्या दिवशी बोलायची नाही. तोंडानं टोफू कापत नाहीत. चालेल.”

आणि मात्सुई-सान होत्या. नव्यानेच लागलेल्या. आयुष्यभर पर्यटकांच्या बसमध्ये उभं राहून माहिती सांगण्याची नोकरी केलेली बाई. निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. दहा वाजले की त्या बसमध्ये करावी तशी घोषणा करायच्या, “मंडळी, सुमी-सान उघडल्या!”

सुमी म्हणजे मीच. सुमेधाची सुमी. माहेरी मला सुमीच म्हणायचे. कामावर लागले तेव्हा ओकुदा-साननी विचारलं होतं, तुम्हाला काय म्हणायचं. तिथे माणसाला आडनावानंच हाक मारतात. पण सहस्रबुद्धे हे आडनाव कारखान्यात ह्यांचं होतं. तिथले सगळे ह्यांना त्याच नावानं ओळखायचे. मी आपली चार तास हात चालवायला आलेली बाई. मला कशाला ते एवढं लांबलचक? मी म्हणाले, सुमी म्हणा. पुरे आहे.

कागद आल्याच्या दुसऱ्या दिवशी, तोंड उघडल्यावर, मी ओकुदा-सानना सांगितलं की कार्डाला नकार आला.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “पण त्यांचा फोन कुठे आला? कार्ड देण्याआधी ते माणूस जिथे काम करतं तिथे फोन करतात. अमुक माणूस तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारतात. माझ्या सुनेच्या वेळी मीच उचलला होता.”

“फोन आला नाही,” मी म्हणाले.

“एक आला होता,” मात्सुई-सान म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली उतरला होता. “ओकुदा-सान दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्या दिवशी. कोणीतरी बाई होती. सा... साहा... असं काहीतरी विचारत होती. मला वाटलं, चुकून लागला. मी अगदी नम्रपणे सांगितलं की क्षमा करा, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही.”

मागे दळणाचं यंत्र गार होताना टकटक वाजत होतं.

“तेव्हा मी कुठे होते?” मी विचारलं.

“तिथेच. कढईपाशी. यंत्र चालू होतं. मी फोन ठेवला आणि हातानं खूण केली, चुकीचा नंबर. तुम्ही माझ्याकडे बघून हसलातही.”

मला ते आठवलं. खरंच हसले होते मी.

मात्सुई-सान उठल्या आणि कमरेतून वाकल्या, इतक्या की त्यांची टोपी हौदात पडली. मी ती काढून पिळली. त्यांना काय बोलणार? रोज आम्ही एका हौदात हात घालत होतो, आणि माझं नाव त्या दुकानात कोणालाच माहीत नव्हतं. ते मीच कोणाला दिलं नव्हतं.

“आजपासून मला सुमी म्हणू नका,” मी म्हणाले.

“मग?”

“सहस्रबुद्धे.”

“सा-हा...” ओकुदा-सान अडकल्या. “पुन्हा सांगा. सावकाश.”

मी सावकाश सांगितलं. एकेक अक्षर, जणू मुलीला बाराखडी शिकवत होते.

“यात बुद्ध आहेत का?” ओकुदा-साननी विचारलं.

“बुद्धी आहे. हजार माणसांची बुद्धी, असा त्याचा अर्थ.”

ओकुदा-सान माझ्याकडे बघतच राहिल्या. “घरात एवढं मोठं नाव, आणि आम्हाला सुमी दिलंत?”

“हे नाव पुरं म्हणेपर्यंत टोफू आंबेल,” मात्सुई-सान डोळे पुसत म्हणाल्या.

“आंबू दे,” ओकुदा-सान म्हणाल्या. “म्हणा.”

त्या दिवसापासून दहाच्या चहाला आमची शिकवणी बसली. ओकुदा-साननी जाड ब्रशनं त्यांच्या लिपीत नाव लिहून फोनच्या वर चिकटवलं. टोफू पोचवायला येणाऱ्या गाडीवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. नाव बरोबर म्हटल्याशिवाय पेट्या हलवायच्या नाहीत. तो बिचारा थंडीत दारात उभा राहून ‘साहासुराबुद्दे, साहासुराबुद्दे’ असा घोष करायचा. मात्सुई-साननी तर बसमधली युक्ती काढली. डोंगराचं नाव सांगावं तसं हात पुढे करून म्हणायच्या, “आपल्या उजव्या बाजूला आहेत साहासुराबुद्दे-सान!” मी दहाच्या आधी नुसती हसायची, आणि दहानंतर त्यांचा उच्चार दुरुस्त करायची.

हे गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. हाक मारायला कोणी नव्हतंच. पहिल्यांदा मात्सुई-साननी एका दमात, न अडखळता नाव घेतलं तेव्हा मी पाठ फिरवून वड्या कापू लागले. त्या दिवशी थोड्या वाकड्या कापल्या गेल्या.

*

दुसरा अर्ज केला तो गावातल्याच लहान बँकेत. ओकुदा-सान यांच्या दुकानाचं खातं तिथे त्यांच्या सासऱ्यांपासूनचं. त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या, कामाचा एप्रन न काढता. खिडकीवरच्या तरुण मुलानं माझं नाव चौकोनांत लिहायला घेतलं आणि चौकोन संपले तरी नाव उरलं.

“ओकुदा-सान,” तो त्यांना म्हणाला, “हे बसत नाही हो.”

“मग कागद मोठा घे,” त्या म्हणाल्या. “माणूस कापणार आहेस का?”

त्यानं आत जाऊन साहेबांना विचारलं आणि उरलेली अक्षरं समासात लिहिली. मग मला म्हणाला, “दुकानात आमच्या कार्ड विभागाचा फोन येईल. आमच्याकडून नाही, टोकियोहून. ते इथलं कोणाला ओळखत नाहीत.”

घरी भाऊजींना हे सांगितलं तर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. “फोन सकाळी आला तर?”

“येईल तेव्हा येईल.”

“वहिनी, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकीकडे म्हणता जुईसाठी वाट्टेल ते करीन. आणि फोन आला तर मुक्या बसणार? देव काय रागावणार आहे? पाच मिनिटं बोललात तर?”

“काका,” जुई म्हणाली, “बाबांनी आईला कधी—”

“बाबांच्या वेळी तुझ्या आईला कार्ड मागावं लागत नव्हतं गं! त्यांच्या कार्डावर सगळं चाललं होतं.”

ते बोलून गेले आणि ओशाळले. कानटोपी काढून हातात घोळवत बसले. पण बोलणं खोटं नव्हतं.

मी रात्री नाही म्हटलं तरी बराच वेळ जागी होते. नेम मोडणं म्हणजे काय, हे न पाळणाऱ्याला समजावणं कठीण. दगड नसतो तो, की उचलून बाजूला ठेवला आणि परत आणला. पहाटे देवापुढे बसले आणि मनातल्या मनात सांगितलं. फोन आला तर मी बोलणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. ओझं माझ्यावर.

आणि फोन आलाच. एकादशी होती. ओकुदा-सान कढईपाशी, मी हौदात कोपरापर्यंत हात घालून. दळण संपलेलं, त्यामुळे घंटा स्पष्ट ऐकू आली. घड्याळात दहा व्हायला वेळ होता.

मात्सुई-साननी फोन उचलला. “ओकुदा टोफू.”

मग त्या ताठ झाल्या. त्यांची नजर भिंतीवर चिकटवलेल्या नावावर गेली, पण त्यांना ते वाचायची गरज राहिली नव्हती.

“हो! साहासुराबुद्दे-सान! आहेत की! आमच्याकडेच आहेत. कधीपासूनच्या आहेत!”

इतका खणखणीत आवाज, की गल्लीतून जाणारा सायकलवाला वळून बघत गेला. पलीकडची बाई काहीतरी म्हणाली. मात्सुई-साननी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं: तुम्हालाच बोलावतायत.

मी हौदातून हात बाहेर काढले. बोटं थंडीनं लाल झाली होती. पाणी ठिबकत होतं. जप थांबला. मी दोन पावलं पुढे गेले आणि फोनसाठी हात पुढे केला. ओठ उघडले होते, पहिला शब्दही ठरला होता.

मात्सुई-सान माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग घड्याळाकडे. आणि त्यांनी माझ्याकडे चक्क पाठ केली. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला, एखाद्या पोरानं खाऊ लपवावा तसा.

“क्षमा करा हं,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “साहासुराबुद्दे-सान आत्ता जागेवर नाहीत.”

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो खांद्यानंच झटकला.

“दहा वाजता येतात त्या. दहानंतर कधीही करा. नाही, निरोप नको? बरं. तेवढंच विचारायचं होतं? बरं, बरं. आभारी आहे.”

फोन ठेवून त्या वळल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. कशाचं ते मलाच कळत नव्हतं, रागाचं म्हणावं तर तेही त्यात होतं. जुईचं घर माझ्या हातापासून वीतभर लांब होतं, आणि या बाईनं ते मला घेऊ दिलं नव्हतं. आणि मला ओरडताही येत नव्हतं.

“असं बघू नका,” मात्सुई-सान म्हणाल्या. “एकदा तुमचं नाव मी घालवलं. आता तुमची सकाळही मीच घालवू?”

ओकुदा-सान कढईतला झारा न थांबवता म्हणाल्या, “त्यांना एवढंच हवं असतं, या नावाचं माणूस इथे आहे की नाही. समोर आलंच पाहिजे असं नाही. जागेवर नाही म्हटलं, तरी जागा आहे हे कळतं ना.” मग जरा थांबून, “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर मी पुढचे दिवस काढले.

*

भाऊजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे बोलला नाहीतच.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बॅगा भरायला घेतल्या. मी अडवलं नाही. शब्द दिला होता. आधी ह्यांची पुस्तकं गेली, मग पितळी डबे, मग कुकर. भांडण नाही, काही नाही. मला विचारून, हलक्या हातानं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. जुई परीक्षेचा अभ्यास करत बसायची आणि प्रत्येक वस्तू बॅगेत जाताना मान वर करून बघायची. तोंडानं एक अक्षर नाही. जणू तिनंही मौन धरलं होतं.

रविवार होता. जुई शिकवणीला गेली होती. मी देवापुढे बसले होते, हातात माळ, गोमुखीत. दाराची घंटा वाजली.

“मी बघतो, मी बघतो,” भाऊजी उठले. दार उघडताच बाहेरचा बोचरा वारा आत घुसला. निरांजन फडफडलं, मी हाताचा आडोसा धरला.

पोस्टमन होता. हातात जाड पाकीट. “साहासुराबुद्दे-सामा?”

जपानी भाषेतले चार शब्द भाऊजींनी एवढ्या दिवसांत शिकून घेतले होते. त्यातला होकाराचा शब्द त्यांनी जोरात वापरला. “हाय, हाय! सहस्रबुद्धे! मीच!” छातीवर हात ठेवला आणि पाकिटासाठी दुसरा हात पुढे केला.

पोस्टमननं पाकीट किंचित मागे घेतलं. त्यावरचं पुढचं नाव वाचलं. “सुमेधा-सामा.”

“अहो, एकच की! वन फॅमिली! सेम नेम!” भाऊजींनी बोटानं आधी स्वतःकडे, मग आत माझ्याकडे खूण केली. “ती पण सहस्रबुद्धे, मी पण सहस्रबुद्धे. द्या, मी देतो तिला.”

पोस्टमन नम्रपणे हसला. मग पाकीट काखेत धरून त्यानं दोन्ही हातांची फुली केली. नाही. आणि भाऊजींच्या खांद्यावरून आत पाहिलं.

मी माळ गोमुखीत सोडली, उठले. पर्समधून परवान्याचं ओळखपत्र काढलं आणि दाराशी गेले. भाऊजी अजून उंबऱ्यात उभे होते. मी त्यांच्यासमोर थांबले. त्यांना काही सांगता येत नव्हतं, म्हणून नुसती उभी राहिले. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग एक पाऊल बाजूला झाले.

पोस्टमननं ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, माझा चेहरा पाहिला. मग बोट ठेवून पाकिटावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव एकेक अक्षर जुळवलं. वेळ लागला. नाव लांब होतं. “आपण स्वतःच ना?” त्यानं विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं. त्याला तेवढं पुरलं. त्यानं पेन पुढे केलं. मी मराठीत सही केली, पुरी, सुमेधापासून शेवटच्या धे-पर्यंत. सही चौकोनाबाहेर गेली. तो संपेपर्यंत थांबला, मग टोपीला हात लावून गेला.

मी पाकीट न फोडता देवापुढे ठेवलं आणि पुन्हा पाटावर बसले. माळ जिथे सुटली होती तिथूनच धरली.

मागे भाऊजी बॅगेवर बसल्याचा आवाज आला. मी बोलणार नाही हे माहीत असल्यामुळे असेल, त्यांनी एकट्यानंच बोलायला सुरुवात केली.

“मीपण सहस्रबुद्धेच आहे की,” असं आधी पुटपुटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आईला आता काय सांगायचं, ते मला सांगा. ती दारात रांगोळी काढून बसेल.” मग, “दादाला विमानतळावर सोडायला गेलो होतो ना, पहिल्यांदा तुम्ही सगळे निघालात तेव्हा. मी त्याला म्हणालो, वहिनींना तिथे जमणार नाही रे, त्या बोलतच नाहीत कोणाशी. दादा हसला. म्हणाला, तिला काही हवं असलं की ती बोलत नाही, बसून राहते. मग ते मिळतं. मला तेव्हा वाटलं, तुमची चेष्टाच करतोय.”

मी माळेचे मणी ओढत राहिले. डोळे मिटलेलेच होते, ते बरं होतं.

थोड्या वेळानं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज. मग ओट्यावर काहीतरी जड ठेवल्याचा.

दहा वाजले. मी नैवेद्य दाखवला, खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि पाकीट फोडलं. आत निळ्या रंगाचं कार्ड होतं. माझं नाव, मधे ह्यांच्या नावाचं एकच अक्षर, मग आडनाव, पुरं, कुठेही न कापलेलं. अक्षरं उठावदार होती. मी त्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि उठले.

ओट्यावर कुकर होता. त्याच्या शेजारी पितळी डबे, एकावर एक, पूर्वी होते तसेच. भाऊजी कानटोपी घालून कुकरचं झाकण पुसत होते.

“भाऊजी,” मी म्हणाले, “तिकीट एकच काढा.”

“ते मघाशीच कळलं,” शिट्टी जागेवर बसवत ते म्हणाले. “आता तोंड उघडलंच आहे तर बोलत बसू नका. चहा टाका.”